दुधाच्या पिशवीचा कोपरा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आज सकाळी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक गोष्ट सारखीच घडली असेल. दाराच्या कडीला लावलेली दुधाची पिशवी आत आली, कात्रीनं तिचा कोपरा कापला गेला, दूध पातेल्यात पडलं आणि पिशवी कचऱ्याच्या डब्यात गेली. सगळ्याला मिळून अर्धं मिनिट. आज मी बोलणार आहे ते या अर्ध्या मिनिटाविषयी.

माझ्या लहानपणी मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून मिळायचं. केंद्रावर रिकामी बाटली दिली की भरलेली हातात पडायची. बाटली टाकून द्यावी हा विचारही कुणाच्या मनात येत नसे. फुटली तर मात्र आणणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा बसे, हे मी स्वानुभवानं सांगतो. पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. माझी आई त्या धुऊन ओट्यामागच्या फरशीवर चिकटवून ठेवायची. वाळल्या की आपोआप सुटून खाली पडायच्या. मग त्यांची चवड करून रद्दीवाल्याकडे जायची आणि त्याच्या तागडीकडे आई डोळ्यांत तेल घालून बघायची. कालांतरानं घरात चार पैसे आले, स्वयंपाकघराला नव्या टाइल्स बसल्या आणि त्यांवर पिशव्या चिकटवणं कुणालाच बरं दिसेना. बहुतेक घरांतून ही सवय अशीच गेली असावी.

अर्ध्या लिटरची पिशवी भरते साधारण अडीच-तीन ग्रॅम. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घरातून वर्षाकाठी दोन किलोच्या आसपास प्लास्टिक निघतं. शंभर बिऱ्हाडांची सोसायटी असेल तर दोनशे किलो. आणि हे प्लास्टिक उत्तम प्रतीचं असतं. खाद्यपदार्थासाठी बनवलेलं, एकाच जातीचं, पुन्हा वितळवायला सोपं. स्वच्छ आणि कोरडी दुधाची पिशवी भंगाराच्या दुकानात कधी नाकारली जात नाही. तीच पिशवी आमटीच्या खरकट्यात आणि चहाच्या चोथ्यात रात्रभर पडून राहिली की तिची किंमत जवळजवळ संपते. वस्तू तीच, वजनही तेच. मधल्या काही तासांत तिचा कच्चा माल व्हायचा की कचरा, हे आपल्या डब्यात ठरतं.

मी राहतो नवी मुंबईत, कोपरखैरण्याला. आमच्याकडे सेक्टर १४ मध्ये निसर्ग उद्यान आहे. सकाळी तिथे फिरायला येणाऱ्या नव्या मंडळींना सांगितलं की खरं वाटत नाही, पण त्या हिरवळीखाली शहराचा जुना कचरा आहे. एके काळी ते आमचं डम्पिंग ग्राउंड होतं. वारा फिरला की खिडक्या लावून घ्याव्या लागत. पुढे ते शास्त्रीय पद्धतीनं बंद करून वर बाग केली आणि शहराचा कचरा तुर्भ्याला जाऊ लागला. बाग सुंदर आहे, मीही रोज जातो. पण पायाखाली पुरलेलं प्लास्टिक अजून जसंच्या तसं असणार, हे माझ्यासारख्या माणसाच्या मनातून जात नाही. ते तिथे कुजत नाही आणि कुणाच्या उपयोगीही पडत नाही.

'माझ्यासारख्या' म्हणालो, कारण माझी नोकरीची तीस वर्षं प्लास्टिकच्या कारखान्यात गेली. दिघ्यापासून नेरूळपर्यंत पसरलेल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला आम्ही नुसतं 'टीटीसी' म्हणतो. तिथल्या एका मोल्डिंगच्या कारखान्यात मी माल तपासायला होतो. नवी मुंबईची गंमत अशी की, प्लास्टिक वापरणारी घरं, ते टाकण्याची जागा आणि ते विकत घेऊ शकणारे कारखाने ही तिन्ही काही किलोमीटरच्या आत आहेत. इतकी सोय फार थोड्या शहरांना असते. स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली आमचं शहर देशात तिसरं आलं, २०२२ मध्ये आणि २०२३ मध्येही तिसरं. त्याचा मला अभिमान आहे. पण रस्ता स्वच्छ असणं ही एक गोष्ट झाली आणि उचललेल्या वस्तूचं पुढे काय होतं ही दुसरी.

पुढे काय होतं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण 'रिसायकलिंग' हा शब्द आपण सगळेच वापरतो आणि आत काय चालतं ते फार कमी जणांनी पाहिलेलं असतं.

पहिलं काम निवडण्याचं. प्लास्टिक ही एक वस्तू नाही, ते एक मोठं कुटुंब आहे आणि त्यातल्या भावंडांचं आपसात पटत नाही. बाटल्या-डब्यांच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ असा आकडा असतो, तो या जातींचा. पाण्याच्या बाटलीवर १, शॅम्पूच्या बाटलीवर बहुधा २, दुधाची पिशवी ४, जेवणाचे डबे ५. भंगाराच्या धंद्यात हे आकडे कुणी उच्चारत नाही. तिथे पाण्याची बाटली म्हणजे 'बिसलेरी', मग ती कोणत्याही कंपनीची असो. शॅम्पूची किंवा तेलाची फुगवून केलेली बाटली म्हणजे 'फुगा'. तुटक्या खुर्च्या-खेळणी म्हणजे 'कडक'. निवडणाऱ्या बाया वस्तू हातात घेऊन चुरगाळतात, आवाज ऐकतात, अडलंच तर तुकडा पेटवून वास घेतात. मेणबत्तीसारखा वास आला तर एक जात, नाकाला झोंबला तर दुसरी. प्रयोगशाळेत ज्यासाठी यंत्र लागतं ते काम इथे बोटं आणि नाक करतात.

दुसरं काम तुकडे करून धुण्याचं. इथे पाण्याची टाकी कामाला येते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. बाटलीचं पेट आणि पाइपांचं पीव्हीसी जड, ते तळाशी जातं. पण नेमकं हे तळाशी गेलेलं जोडपं धोक्याचं. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या वर उष्णता लागते आणि पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधीच जळायला लागतं. त्यातून आम्लाची वाफ निघते, पेट पिवळं पडतं, यंत्राचं पोलाद खाल्लं जातं. बाटल्यांच्या ढिगात पीव्हीसीचे थोडे तुकडे राहिले तरी अख्खी घाणी बिघडते.

यानंतर तुकडे वितळवायचे, बारीक जाळीतून दाबून शेवयांसारखे काढायचे, पाण्यात थंड करायचे आणि कापायचे. तो झाला 'दाणा'. या दाण्यापासून बादल्या, कुंड्या, पाइप, कचऱ्याच्या पिशव्या, ताडपत्र्या होतात. पेटच्या तुकड्यांचा धागा निघतो. उशीतला कापूस म्हणून आपण जे विकत घेतो ते पुष्कळदा तेच असतं. २०१५ च्या विश्वचषकात आपल्या क्रिकेट संघाच्या अंगावर जी जर्सी होती, तीसुद्धा अशाच बाटल्यांच्या धाग्याची होती.

एकदा आमच्या कारखान्यानं बाहेरून पुनर्वापराचा दाणा मागवला. कुणाकडून ते सांगण्यात अर्थ नाही. नमुना छान होता. प्रत्यक्ष माल यंत्रात घातला आणि दर थोड्या वेळानं जाळी तुंबायला लागली. उघडून पाहिलं तर आत चकचकीत पापुद्रे. वेफरच्या आणि गुटख्याच्या पुड्यांची चंदेरी फिल्म कुठेतरी मिसळली होती. दोन पाळ्या फुकट गेल्या, बनवलेले डबे भंगारात काढावे लागले आणि साहेबांनी फर्मान काढलं की यापुढे फक्त नवा दाणा. मला तेव्हा त्या पुरवठादाराचा फार राग आला होता. आता वाटतं, त्या बिचाऱ्याच्या गोदामात पोचायच्या आधीच ते सगळं कुठल्या तरी घराच्या डब्यात एकत्र झालेलं होतं. एवढ्याशा पापुद्र्यांतून ते वेगळं काढायला त्यानं माणसं लावली असती, तर दाणा नव्यापेक्षा महाग पडला असता.

या धंद्याचं दुखणं तेच आहे. पुनर्वापराच्या दाण्याला नेहमी नव्या दाण्यापेक्षा स्वस्त असावं लागतं, आणि नव्याची किंमत खनिज तेलावर हलते. २०२० मध्ये तेल कोसळलं तेव्हा नवा दाणा इतका उतरला की जुन्याला कुणी विचारेना. त्याचा फटका शेवटी बसतो तो गोणी पाठीवर घेऊन फिरणाऱ्या बाईला. त्यात १ ऑक्टोबर २०२१ पासून प्लास्टिकच्या भंगारावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला. जी वस्तू गटारातून बाहेर यावी असं आपल्याला वाटतं, तिच्यावर कर वाढवण्यामागचं गणित मला तरी कळलेलं नाही.

जगाचा हिशेब पाहिला तर आणखी नवल वाटतं. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी २०१७ साली मांडणी केली की, १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं. त्यातल्या ६३० कोटी टनांचा कचरा झाला आणि या कचऱ्यापैकी फक्त ९ टक्के पुन्हा कामी आला. १२ टक्के जाळला. उरलेला जमिनीत आणि पाण्यात आहे. आपल्याकडे मात्र पेट बाटल्यांपैकी जवळजवळ ९० टक्के पुन्हा वापरात येतात, असं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या २०१७ च्या पाहणीत आढळलं. बऱ्याच श्रीमंत देशांना जे जमलं नाही ते आपल्याला जमलं, ते काही आपण जास्त जागरूक आहोत म्हणून नाही. बाटलीला भाव आहे आणि त्या भावासाठी उन्हातान्हात वाकणारी माणसं आपल्याकडे आहेत, म्हणून.

मुंबई-नवी मुंबईत या कामात बहुसंख्य बायका. त्यांच्यापैकी कित्येकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघाली. हातात ना जमीन ना शिक्षण. रस्त्यावर जे पडलं होतं ते त्यांचं भांडवल झालं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ मध्ये तिच्यातून 'स्वच्छ' ही संस्था निघाली. घराघरांतून कचरा गोळा करायचं रीतसर काम या बायकांच्या हाती आलं. आपल्या भागात ज्योती म्हापसेकर यांच्या स्त्री मुक्ती संघटनेनं 'परिसर विकास' या कार्यक्रमातून अशाच बायकांचे गट बांधले, त्यांना निवडीचं आणि खत करण्याचं शिक्षण दिलं. या दोन्ही ठिकाणी जे दिसलं ते एवढंच की, डम्पिंगच्या ढिगावर बसून काढलेल्या किलोपेक्षा घराच्या दारातून मिळालेल्या किलोला भाव जास्त, आणि काढायला श्रम कमी. टाकाऊ प्लास्टिकमधल्या रोजगाराच्या गोष्टी करताना कारखाने आणि यंत्रं आधी आठवतात. मला विचाराल तर कमाईची सगळ्यात मोठी वाढ या पहिल्या पायरीवर शिल्लक आहे.

सरकारनं काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, नाले तुंबले आणि पिशव्यांवर सगळ्यांचा रोष आला. २००६ मध्ये महाराष्ट्रानं ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. मार्च २०१८ मध्ये आणखी कडक बंदी आली. त्याच आदेशात दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अनामत घेऊन ती परत घेण्याची योजना होती. २०१९ मध्ये विधानसभेतही तिची घोषणा झाली. मी मोठ्या आशेनं वाट पाहिली. आमच्या दूधवाल्याला विचारलं तर तो हसला. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते आणि लोक पिशव्या भरभरून बाटल्या दुकानात परत नेतात. आपल्याला ते परकं वाटायचं कारण नाही. आरेची बाटली दुसरं काय होती?

अलीकडचा एक बदल मात्र खरोखर महत्त्वाचा आहे. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर ते गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी टाकली. शिवाय कडक प्लास्टिकच्या वेष्टनात ठरावीक वाटा पुनर्वापराच्या मालाचा असला पाहिजे, असं सांगितलं: २०२५-२६ साठी ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के. म्हणजे दाण्याला केवळ स्वस्त म्हणून नाही, तर कायद्यानं हवा म्हणून गिऱ्हाईक आहे. टीटीसीतल्या लहान कारखानदाराला यात धंदा आहे, पण अट एकच: माल स्वच्छ आणि एकजात हवा. जिथे पैसा तिथे लबाडीही आली. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत पुनर्वापराची सुमारे सहा लाख बोगस प्रमाणपत्रं सापडली. कागदावर प्लास्टिक वितळत होतं आणि खरं प्लास्टिक खाडीत.

खाडीचं नाव निघालं म्हणून सांगतो, पुनर्वापर म्हणजे सगळं पवित्र असं समजू नका. खरकटं प्लास्टिक धुवायला भरपूर पाणी लागतं. ते पाणी न शुद्ध करता नाल्यात सोडणारी गाळ्यांतली युनिटं आहेत आणि आपल्याकडचा नाला शेवटी ठाणे खाडीत जातो. तीच खाडी, जिथे रोहित पक्षी येतात, जिचा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. भरतीनंतर खारफुटीच्या मुळांना लटकलेल्या पिशव्या मी पाहिल्या आहेत, आणि दिवाळ्याच्या कोळी बांधवांच्या जाळ्यात मासळीबरोबर काय येतं ते त्यांनाच विचारावं. घरात धुतलेली पिशवी कारखान्यात कमी पाण्यात धुतली जाते, हा या साखळीतला लहानसा पण सरळ फायदा आहे.

आणि काही वस्तूंना गिऱ्हाईकच नाही. वेफर, गुटखा, शॅम्पूची पुडी यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सोडवणं परवडत नाही. मदुराईचे राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिक बारीक करून तापलेल्या खडीवर घालायची आणि मग डांबर मिसळायची पद्धत काढली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. असे रस्ते टिकतात. बाकीचं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातं. उकिरड्यापेक्षा ते बरं, एवढंच मी म्हणेन. एकदा रस्त्यात गेलेलं प्लास्टिक परत वस्तू होऊन येत नाही. या पुड्या मुळात कमी विकत घ्याव्यात, याला माझ्याजवळ दुसरा उपाय नाही.

शेवटी आमच्या सोसायटीची हकीकत. निवृत्त झाल्यावर मी सभेत विषय मांडला की सुकं प्लास्टिक वेगळं ठेवू आणि ते निवडायला येणाऱ्या बाईंनाच देऊ, विकून येतील ते पैसे त्यांचे. "पाणी आठवड्यातून किती तास येतं ते बघा, आणि तुम्ही पिशव्या धुवायला सांगताय," असं एकजण म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. मग ठरलं की वेगळं पाणी वापरायचंच नाही. भांडी विसळल्यावर शेवटचं जे पाणी उरतं त्यातच पिशवी खळबळून घ्यायची. तरी पहिले दोन महिने पोत्यातून जे निघालं ते सांगण्यासारखं नाही. एक दिवस बाई मला म्हणाल्या, "काका, माल चांगला आहे, पण वास येतो. दुकानवाला वजनात काटतो. वास धुवायला मी पाणी कुठून आणू?" ते वाक्य मी जसंच्या तसं सभेत सांगितलं. माझ्या आकडेवारीनं जे झालं नव्हतं ते त्यानं बरंचसं झालं.

आता चौऱ्याऐंशी बिऱ्हाडांपैकी पन्नास-पंचावन्न नीट करतात. बाकीची करत नाहीत, त्यांत माझे दोन चांगले मित्र आहेत. पोतं महिन्यातून दोनदा भरतं. मध्यंतरी बाईंनीच आणखी एक गोष्ट सांगितली. आपण पिशवीचा कोपरा कापून टाकतो, तो नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. केरात जातो, मोरीत जातो, तिथून नाल्यात. पिशवी परत आली तरी तो येत नाही. कोपरा पूर्ण तोडायचा नाही, नुसता चीर देऊन लटकता ठेवायचा.

मी लिफ्टशेजारी तशी चिठ्ठी लावली: 'दुधाच्या पिशवीचा कोपरा तोडू नये.' दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी पेन्सिलनं लिहिलं होतं, 'मग दूध ओतायचं कसं?' तेव्हा रविवारी सकाळी पातेलं, कात्री आणि एक पिशवी घेऊन मी खाली उभा राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दूध ओतून दाखवलं. थोडं सांडलं. पण पोत्यात आता कोपऱ्यासकट पिशव्या यायला लागल्या आहेत.